मदत हवी आहे: कॅन्ससमधल्या छोट्या गावांचे फोटो काढतोय, पण तिथल्या माणसांना फोटोसाठी कसं विचारायचं?

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबलीये, आधीच सांगतो.

मी कॅन्सस सिटीत राहतो, मिसूरीच्या बाजूला. गेलं दीड वर्ष महिन्यातला एखादा वीकेंड काढून यूएस ३६ या जुन्या हायवेच्या आजूबाजूच्या गावांचे फोटो काढतोय. रूट ६६, तो पर्यटकांचा लाडका जुना हायवे, मुद्दाम नाही घेतला. तिथे जुन्या पेट्रोल पंपासमोर आधीच कोणीतरी ट्रायपॉड लावून उभा असतो, पाट्या परत रंगवल्यात, निऑन दुरुस्त केलेत, आणि ते चांगलंच आहे, त्या गावांना त्यातून दोन पैसे मिळतात. पण ३६ साठी कोणी मुद्दाम वाट वाकडी करत नाही. सेंट जोसेफचा पूल ओलांडला की हायावाथा, सेनेका, मेरीसव्हिल, बेलव्हिल, मँकेटो, स्मिथ सेंटर, फिलिप्सबर्ग, नॉर्टन असं करत रस्ता पार कोलोरॅडोपर्यंत जातो, आणि मला हवी असतात ती गावं बहुतेक वेळा मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेल्यावर लागतात.

ज्यांनी अशी गावं बघितली नाहीयेत त्यांच्यासाठी: एकच मेन स्ट्रीट, ऐसपैस रुंद, दोन्ही बाजूंना दुमजली विटांच्या इमारती, वर कपाळावर बांधल्याचं साल, कुठे वरच्या मजल्यावर ऑड फेलोज लॉजची (ही एक जुनी बंधुसंस्था) तीन कड्यांची साखळी. खालचा दर्शनी भाग पुष्कळदा लोखंडी खांबांचा आणि ठसे उठवलेल्या पत्र्याचा, हे अख्खं तोंड तेव्हाचे दुकानदार सेंट लुइसच्या मेस्कर ब्रदर्सचा कॅटलॉग बघून मागवायचे आणि ते रेल्वेने यायचं. खाली वाकून खांबाच्या पायाशी बघितलं तर कधीकधी कंपनीचं नाव अजून वाचता येतं, मला ते सापडलं की फार आनंद होतो. आणि रस्त्याच्या टोकाला धान्याचा एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं उंच कोठार, कितीतरी मैलांवरून दिसणारं, बऱ्याच ठिकाणी गावात अजून जोरात चालू असलेली ती एकच गोष्ट.

मँकेटो ज्या जुएल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिथे १९०० साली १९ हजारांवर लोक होते, २०२० च्या जनगणनेत ३ हजारांच्या आत आलेत. जिथे १६० एकरांवर एक कुटुंब राहायचं तिथे आता हजारो एकर एकच घर कसतं, शाळा एकत्र केल्या, आय-७० हा नवा मोठा हायवे दक्षिणेकडून गेला, रॉक आयलंड रेल्वे १९८० मध्ये बंद पडली (रूळ आहेत, एक छोटी कंपनी त्यावर धान्याच्या गाड्या चालवते). यातलं काहीच एका दिवसात झालेलं नाही म्हणून फोटोत ते पकडणं अवघड जातं.

आता खरी अडचण. गेल्या ऑक्टोबरात एका गावात (नाव देत नाही) कोपऱ्यावरच्या जुन्या बँकेच्या इमारतीचा फोटो नीट आला नाही, ऊन मागून होतं, म्हटलं परत येऊ. मार्चमध्ये गेलो तर इमारतच नाही. खडी पसरलेला रिकामा प्लॉट आणि कडेला जुन्या विटा पॅलेटवर रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, विकायला असाव्यात. मी बघत उभा होतो तर एक पिकअप येऊन थांबली, आत सत्तरीचे एक गृहस्थ. काउंटीकडून आलात का, की प्लॉट घेणार आहात, असं विचारलं त्यांनी. म्हटलं नाही, फोटो काढतो. कशाचे? आणि मला उत्तरच देता येईना, कारण मनात होतं ते, की तुमचं गाव संपत चाललंय म्हणून काढतोय, हे त्या माणसाच्या तोंडावर कसं म्हणणार, तो राहतोय ना तिथे! जुन्या इमारती आवडतात असं काहीतरी बोललो. ते जरा थांबले, मग त्या प्लॉटकडे हात करून म्हणाले, वडिलांनी माझं पहिलं खातं इथे उघडून दिलं होतं. आणि गेले. मी त्यांना फोटोचं विचारलंसुद्धा नाही.

घरी येऊन दीड वर्षाचे फोटो बसून बघितले. दोन हजारांवर आहेत आणि माणूस जवळजवळ कुठेच नाही. आणि तो मीच टाळलाय, कोणी रस्ता ओलांडत असेल तर ते जाईपर्यंत थांबून मग शटर दाबलंय. याउलट रसेल ली या सरकारी छायाचित्रकाराने जून १९४० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनचे काढलेले फोटो बघा (लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत, सरकारी कामातले असल्याने फुकट उतरवता येतात). दुष्काळातून उठून आलेली गरीब माणसं, जमिनीत अर्धी पुरलेली घरं, पण प्रत्येक फोटोत कोणी जेवतंय, कोणी गातंय, बाया पंगतीसाठी ताटं मांडतायत. ते गाव कसं जगत होतं ते कळतं. माझ्या फोटोंतून फक्त भिंतीचा रंग उडालाय एवढंच कळतं.

अजून एक. मी नेहमी एका मोटेलमध्ये उतरतो, गुजराती जोडपं चालवतं, बरीच वर्षं तिथे आहेत. काकी मला चहा देतात, कुठला दुकानदार आजारी आहे, कोणाचं घर विकायला निघालंय ते सगळं त्यांना माहिती. गावात रात्री जी एक पाटी पेटलेली असते ती त्यांची. आणि मी त्यांचा एकही फोटो काढलेला नाही, कारण माझ्या डोक्यातल्या 'जुन्या अमेरिके'त ते बसत नव्हते. हे लक्षात आलं तेव्हा स्वतःची खरंच लाज वाटली.

हे सगळं इतकं मनाला लावून का घेतोय तर आमचा गावचा वाडा विकला गेला, पाडला, आणि त्याचा एकमेव फोटो आत्याच्या लग्नातला आहे ज्यात मांडवाच्या कापडाने अख्खा दरवाजा झाकलाय.

तर विचारायचंय ते असं. अनोळखी गावात, आपण दिसायला वेगळे, गळ्यात कॅमेरा, अशा वेळी तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता? आधी गप्पा मग कॅमेरा, की कॅमेरा पहिल्यापासून दिसू द्यायचा? पुढच्या फेरीला प्रिंट नेऊन द्याव्यात असं मनात आहे, कोणी केलंय का, आणि कुठल्या आकाराच्या दिल्यात? हे फोटो पुढे टोपेकाच्या कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटीला किंवा काउंटीच्या छोट्या म्युझियमला द्यायचे असतील तर माणसांची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवावी का? आणि एक तांत्रिक, इमारतींच्या उभ्या रेषा वर निमुळत्या होतात, त्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ करतो पण कडा कापल्या जातात, तर २४ एमएमची जुनी शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता वर सरकवता येते ती) घेणं पैसे वसूल आहे का?

संपादन: परवानगीबद्दल दोघांनी विचारलंय. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढायला इथे बंदी नाही, आत मात्र मी विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मिसूरीत फिरणाऱ्यांनी झाडांवर, खांबांवर जांभळ्या रंगाचे पट्टे दिसले तर तिथेच थांबा, ती 'आत येऊ नका' अशी कायदेशीर खूण आहे, वेगळी पाटी लागत नाही. आणि कुठल्या इमारतीत पूर्वी काय होतं ते मी सॅनबोर्नच्या जुन्या विमा नकाशांवरून शोधतो, तेही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, त्यात इमारत गुलाबी रंगवली असेल तर विटांची, पिवळी म्हणजे लाकडी, निळी म्हणजे दगडी.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या वीकेंडला परत जातोय. पहिला फोटो काकींना विचारून त्यांचाच काढायचा ठरवलंय, काउंटरमागे की बाहेर पाटीखाली ते त्याच सांगतील. पिकअपवाल्या गृहस्थांना शोधायचंय, त्यांच्याशी काय बोलू तेवढं त्याआधी कोणीतरी सांगा.