मोनाका: बीरसची खेळी की निव्वळ थाप?

निशाचर:
ड्रॅगन बॉल सुपर या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतील सहाव्या आणि सातव्या विश्वांच्या सामन्याच्या तयारीचे भाग नुकतेच पुन्हा पाहिले आणि जुना राग उफाळून आला. सातव्या विश्वाचा बीरस आणि सहाव्याचा चम्पा हे संहारदेव जुळे भाऊ. कोणाच्या विश्वातले खाणे अधिक रुचकर यावरून त्यांची जुंपते, आणि दोघे स्वतः भिडल्यास विश्वेच धोक्यात येतील म्हणून प्रत्येकी ५ योद्धे उतरवायचे ठरते. चम्पा जिंकला तर सातव्या विश्वातली पृथ्वी त्याची, हरला तर त्याने जमवलेले ६ महाकाय ड्रॅगन बॉल (सातही जमले की इच्छा पूर्ण करणारे गोळे) बीरसचे. बीरसच्या संघातले गोकू आणि व्हेजिटा काळाच्या खोलीत ३ दिवस, म्हणजे आतल्या हिशेबाने ३ वर्षे, घाम गाळतात. बीरस मात्र ग्रहोग्रही सामान पोहोचवणाऱ्या मोनाकाला आपण पाहिलेला सर्वांत बलाढ्य योद्धा म्हणून संघात घेतो. पृथ्वी पणाला लावताना पृथ्वीवरच्या कोणाला विचारले नाही ते नाहीच, वर ५ पैकी एक जागा थापेवर उधळली. संघातला बू सामन्याआधीच्या लेखी परीक्षेत झोपून बाद झाल्यावर खरे लढवय्ये ३ उरले. याला तयारी म्हणायचे?

आखाडाप्रेमी:
म्हणायचे, आणि चांगली म्हणायचे. गोकूला पृथ्वी वाचवण्याच्या आणाभाका घालून फारसा उपयोग होत नाही. समोर आपल्याहून वरचढ कोणी आहे असे कळले की तो तहानभूक विसरतो. हे ओळखून बीरसने त्याच्यासमोर एक काल्पनिक शिखर उभे केले. शिष्याची नस ओळखणे हेच वस्तादाचे काम असते आणि त्यासाठी मोनाकाच्या अंगात बळ असण्याची काहीच गरज नव्हती. त्याचे नाव ठेवतानाही हाच विनोद मनात असावा असे मला वाटते, कारण मोनाका ही जपानी मिठाई म्हणजे वरून पातळ, कुरकुरीत कवच आणि आत गोड सारण!

दुर्वांकुर:
शिष्याची नस ओळखली हे मान्य, परंतु त्या थापेची किंमत शेवटच्या फेरीत काय पडली ते पाहा. चम्पाच्या संघातला हिट हा पेशाने मारेकरी. ठार मारण्यास बंदी असल्यामुळे त्याला आपले खरे डाव वापरता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर गोकू आपणहून रिंगणाबाहेर पडतो. एवढी बेफिकिरी त्याला परवडते ती मागे मोनाका उभा आहे या भरवशावर. म्हणजे जी थाप त्याला लढण्यास उद्युक्त करण्यासाठी मारली होती, तिनेच त्याला ऐन वेळी लढाई सोडण्याची मुभा दिली. पुढे मोनाकाच्या किरकोळ ठोशाने हिट बाहेर जाऊन पडतो, ही तर सरळसरळ नुरा कुस्ती! गोकूच्या उपकाराची परतफेड म्हणून हिट मुद्दाम हरला नसता, तर पृथ्वी त्याच दिवशी चम्पाच्या पदरात पडली असती. बीरसच्या नियोजनात हिटच्या दिलदारपणाची तरतूद कुठेच नव्हती.

आखाडाप्रेमी:
रिंगणाबाहेर पडण्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी खोडू शकत नाही. तरीही तुलना चम्पाशी करा. त्याच्या संघातल्या फ्रॉस्टने मनगटात विषारी सुई दडवून आणली होती. त्याची ही लबाडी चम्पाला लढतीपूर्वी माहीत असल्याचे दिसत नाही, म्हणजे त्याने आपला माणूस नीट पारखलाच नव्हता. बीरसला निदान आपल्या संघात कोण पोकळ आहे, हे पक्के ठाऊक होते.

निशाचर:
स्वतःच आणलेला पोकळ माणूस पोकळ आहे हे ठाऊक असणे, ही काही पारख नव्हे! खऱ्या अर्थाने तयारी केली ती व्हेजिटाची बायको बुल्मा हिने. अंतराळ गस्तीदलातल्या जाकोला सोबत घेऊन ती सर्वज्ञ झुनोकडे गेली आणि महाकाय ड्रॅगन बॉलविषयी माहिती काढून आली. दोन्ही देव खाण्यावरून भांडत असताना, ज्या वस्तूसाठी सामना होणार ती नेमकी काय आहे याचा शोध घ्यावा असे तिलाच सुचले.

दुर्वांकुर:
आणि सातवा बॉल म्हणजे ज्या निनावी ग्रहावर सामना झाला तो ग्रहच निघाला. चम्पाने स्पर्धेची जागा ठरवून तिथे रिंगण उभारले, तरी आपण कशावर उभे आहोत ते त्याला कळले नाही. त्यामुळे तयारीचे गुण द्यायचेच झाले, तर मी दोन्ही भावांना बूच्या शेजारच्या बाकावर बसवीन.