बीएस-एमडीसाठी मुलांना नववीपासून घडवणं मला का पटत नाही

मेघना_एडिसन

भारतात बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला जाता येतं. अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, तिथली पदवी एमडी. याला अपवाद बीएस-एमडीचा. हायस्कूल संपतानाच कॉलेजची आणि मेडिकल स्कूलची जागा एकत्र मिळते. इथे न्यू जर्सीत आपल्या लोकांमध्ये त्याचं एवढं वेड आहे की मुलं आठवीत असतानाच आईवडील हजारो डॉलर भरून सल्लागार नेमतायत. मी इंटर्निस्ट (मोठ्यांच्या आजारांची डॉक्टर) आहे, माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. तरी माझं मत सांगते: अर्ज जरूर करावा, पण हायस्कूलची चार वर्षं त्या अर्जासाठी जगू नयेत.

एकतर जागा अगदी थोड्या. ब्राउन विद्यापीठाच्या पीएलएमई या बीएस-एमडी कोर्सला वर्षाला पन्नास-साठ मुलं घेतात आणि अर्ज येतात काही हजार. बऱ्याच ठिकाणी तर दहा-वीसच जागा असतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा तसाच कोर्स, एचपीएमई, इतका नावाजलेला होता, तो त्यांनी बंदच केला. नववीतल्या मुलाने ज्याच्या आशेवर तयारी सुरू केली, तो कोर्स तो बारावीत जाईपर्यंत असेलच याची हमी कोण देणार?

दुसरं म्हणजे "लवकर डॉक्टर होतो" हे अर्धंच खरं. मिझुरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटीतला कोर्स १९७१ पासून सहा वर्षांचा आहे. आपल्याकडचा टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा. पण पीएलएमई आठ वर्षांचाच, इतरही बरेच आठचेच. म्हणजे वेळ वाचेलच असं नाही, मिळते ती खात्री.

आणि खरं दुखणं पुढे आहे. या तयारीतून बाहेर पडणारी मुलं एकसारखी दिसतात. पैसे भरून केलेला उन्हाळी रिसर्च, शुल्क घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात एक पेपर, दहावीत स्वतःच्या नावाने काढलेली आणि प्रवेश झाल्यावर बंद पडलेली संस्था. मूल हुशार असतं, कष्टाळू असतं, पण आजारी माणसाशेजारी सलग तासभर बसलेलं नसतं. त्याला हे काम आवडतं का, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. याची मला फार काळजी वाटते.

अभय_प्लेनो

मेघनाताई, खोट्या संस्था आणि विकतचे पेपर यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. बाकी मात्र पटत नाही.

"मिळते ती खात्री" असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण सगळा मुद्दा तोच आहे. अमेरिकेत वर्षाला साधारण ५२ हजार मुलं एमडीसाठी अर्ज करतात, जागा सुमारे २३ हजार. म्हणजे चार वर्षं प्री-मेड (मेडिकलआधी लागणारे विषय) केलेल्या, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतून पार पडलेल्या, एमकॅट दिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी कुठेच प्रवेश मिळत नाही. आणि ज्यांना मिळतो त्यांच्यापैकी बहुतेकांनी मध्ये एक-दोन गॅप इयर घेतलेली असतात. पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलाचं सरासरी वय २४ च्या आसपास आहे. त्यात रेसिडेन्सीची, म्हणजे एमडीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाची, तीन ते सात वर्षं जोडा.

माझ्या मुलीला जागा मिळाली आणि कॉलेजात तिने काय केलं सांगतो. स्पॅनिश शिकली, इतिहासाचे दोन कोर्स घेतले, नाटकात काम केलं. तिच्या प्री-मेड मैत्रिणी "बी मिळाला तर?" या भीतीने असे विषय घेतच नव्हत्या. ज्या मोकळेपणाची तुम्हाला काळजी आहे तो तिला या जागेमुळेच मिळाला. त्यासाठी हायस्कूलची दोन वर्षं नेमाने तयारी करून घेतली तर ती सक्ती कशी?

पंढरपूरकर

मी सोलापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, धाग्यात थोडा परका आहे. पण सतराव्या वर्षी मुलाला कळत नाही हा सूर मला खटकतो. आम्ही सगळे बारावीनंतरच मेडिकलला गेलो. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप केली. ग्रामीण भागात आज जे डॉक्टर उभे आहेत ते असेच घडले. वयाचं कारण पुढे करून मुलांना कमी लेखू नका.

माझ्या भाच्यासाठी (तो शिकागोत आहे) इथल्या खासगी कॉलेजात एनआरआय कोट्याचाही विचार चालला आहे.

मेघना_एडिसन

@पंढरपूरकर, डॉक्टर, मीही बारावीनंतरच गेले, मुंबईत. वय कमी आहे म्हणून कळत नाही असं मी म्हणत नाही. तिथे आम्ही पहिल्या दीड वर्षातच वॉर्डात उभे होतो. ज्यांना झेपलं नाही त्यांना ते लवकर कळलं. इथे मूल सतराव्या वर्षी शब्द देतं आणि वॉर्डात पूर्ण वेळ जातं ते पाच-सहा वर्षांनी. फरक तो आहे.

भाच्याबद्दल एवढंच सांगते. पुढे अमेरिकेतच रेसिडेन्सी करायची असेल तर नीट विचार करा. अमेरिकी मेडिकल स्कूलच्या एमडी विद्यार्थ्यांपैकी मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, ९३ टक्क्यांच्या आसपास लागतात. बाहेर शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांमध्ये हे प्रमाण दोन-तृतीयांशच्या घरात आहे. शॉर्टकट म्हणून तिकडे पाठवू नका.

@अभय, तुमच्या लेकीचं वाचून खरंच आनंद झाला. पण ज्यांना जागा मिळत नाही त्यांचं काय? तुमच्या मुलीइतकीच तयारी केलेली कितीतरी मुलं एप्रिलमध्ये रिकाम्या हाताने बसतात आणि अठराव्या वर्षी स्वतःला नापास समजायला लागतात. मी अशी मुलं पाहिली आहेत. डॉक्टर व्हायचं दार त्यांच्यासाठी अजून सताड उघडं असतं. पण घरात चार वर्षं एकच शब्द घुमत असेल तर त्यांना ते दिसणार कसं?

रसिका_ट्रेंटन

मी सात वर्षांच्या कोर्सला तिसऱ्या वर्षात आहे, म्हणून थोडं आतलं सांगते. मेघनामावशीच्या बाजूने थोडं, अभयकाकांच्या बाजूने थोडं.

अर्जाचं काम कमी नसतं. कॉलेजचा नेहमीचा अर्ज असतोच, त्यावर प्रत्येक कोर्सचे वेगळे निबंध. बऱ्याच मुदती नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतात, मुलाखती जानेवारी ते मार्च. काही ठिकाणी कॅस्पर द्यावी लागते, म्हणजे अवघड प्रसंगात तुम्ही काय कराल ते विचारणारी परीक्षा. काही ठिकाणी एमएमआय असते, म्हणजे आठ-दहा मिनिटांच्या छोट्या मुलाखती एकापाठोपाठ, प्रत्येक खोलीत नवा प्रश्न. मला एका खोलीत विचारलं होतं की उपचार नाकारणाऱ्या आजोबांशी कसं बोलशील. क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर तिथे दोन मिनिटांत संपतं. पुढचा प्रश्न येतोच, "आणि तरी ते नाहीच म्हणाले तर?"

माझ्या उपयोगी पडलं ते गावातलं रेस्क्यू स्क्वॉड, म्हणजे अॅम्ब्युलन्स सेवेची तुकडी. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी ईएमटी (अॅम्ब्युलन्सवर प्रथमोपचार करणारा प्रशिक्षित मदतनीस) होता येतं. रुग्णालयात अठराच्या आतल्या मुलांना शॅडोइंगला (डॉक्टरांचं काम सोबत राहून बघायला) सहसा उभं करत नाहीत, पण अॅम्ब्युलन्सवर तुम्ही खरं काम करता. रात्री पडलेल्या आजींना उचलणं, घाबरलेल्या मुलाशी बोलत राहणं. एक कॉल असा होता की त्यानंतर आठवडाभर मला झोप नीट लागली नाही. तरी पुढच्या शिफ्टला गेले, तेव्हा आईला म्हटलं, मला हेच करायचंय. ज्यांना ईएमटी जमत नाही त्यांनी नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, जावं. वर्षभर दर शनिवारी एकाच ठिकाणी गेलात तर मुलाखतीत बोलायला काही शोधावं लागत नाही.

आणि जागा मिळाल्यावर सुटलो असं नसतं. जीपीएची (कॉलेजातल्या सरासरी गुणांची) अट असते, बहुतेक ४ पैकी ३.५ च्या आसपास. काही ठिकाणी एमकॅटही ठरावीक गुणांनी पास करावी लागते. काही ठिकाणी दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केलात की हातातली जागा जाते. सही करण्याआधी हे सगळं वाचा. माझ्या वर्गातल्या दोघांनी वाचलं नव्हतं.

सचिन_सनीव्हेल

अजून कोणी व्हिसाबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितोय. आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि ग्रीन कार्डाची रांग संपत नाही. मुलगा इथेच बालवाडीपासून शिकलाय, पण एकविसाव्या वर्षी त्याचा एच-४ (आईवडिलांमुळे मिळणारा व्हिसा) संपतो आणि त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. अनेक बीएस-एमडी कोर्स नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. सरकारी विद्यापीठांत तर जास्तच. पुढे एमडीलाही परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजं मोजकी, आणि सरकारी कर्ज मिळत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. यादी करताना पहिला रकाना "पात्रता" ठेवा. मुलाने निबंध लिहून झाल्यावर हे कळणं फार वाईट. मला वाटतं अशा मुलांसाठी खात्रीची जागा मिळत असेल तर ती सोडूच नये. तिथे मी पूर्ण अभयच्या बाजूने.

अभय_प्लेनो

सचिन, अगदी बरोबर. कर्जाचा विषय निघालाच आहे तर नव्या नियमाचंही बघा. ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झालं, आणि मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाखांपर्यंतच. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याच्या बराच पुढे जातो. सात वर्षांच्या कोर्सात कॉलेजची एक वर्षाची फी वाचते आणि डॉक्टरचं एक वर्षाचं उत्पन्न जास्त मिळतं. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम छोटी नाही.

मेघना_एडिसन

पैशाचा मुद्दा मान्य, आणि सचिनचा तर पूर्ण मान्य. व्हिसा ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांचं गणितच वेगळं.

पण अभय, खात्रीलाही किंमत मोजावी लागते. युएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप १, जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाला. आता रेसिडेन्सीला अर्ज करताना त्या गुणांवर पुढे जाता येत नाही. रिसर्च, शिफारसपत्रं, स्वतःच्या स्कूलमध्ये त्या शाखेचा विभाग आहे का, याला जास्त वजन आलंय. एखाद्या मुलीला न्यूरोसर्जरी करायची असेल आणि तिने सतराव्या वर्षी अशी जागा घेतली असेल जिथे तो विभागच लहान आहे, तर तिला तिथून बाहेर पडणं अवघड. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज करायची सोयही आहे. माउंट सायनाय मेडिकल स्कूलचा फ्लेक्समेड घ्या, एमकॅट लागत नाही आणि मूल तोवर एकोणीस-वीस वर्षांचं झालेलं असतं. नववीतल्या मुलांच्या पालकांना याबद्दल कोणी सांगत नाही, कारण यात पॅकेज विकता येत नाही.

माझ्या मुलीची यादी आम्ही केली आहे. तीन बीएस-एमडी आणि बाकी नऊ साधी कॉलेजं, प्रत्येक असं की तिथे डॉक्टरकी न करताही ती आनंदाने राहील. यादी तिने केली, मी फक्त अटी वाचल्या.

अभय_प्लेनो

नवात तीन मिळवून बारा, चांगली यादी आहे. मी असतो तर बीएस-एमडी सहा ठेवले असते. जागा इतक्या कमी आहेत हे तुम्हीच म्हणालात, मग तीनच ठिकाणी अर्ज का? तुमची लेक रेस्क्यू स्क्वॉडला जातेय का? नसेल तर रसिकाशी तिची गाठ घालून द्या. उन्हाळ्यातले ईएमटी वर्ग लवकर भरतात.

रसिका_ट्रेंटन

हो, मेसेज करा मावशी. आमच्या स्क्वॉडला शनिवारी सकाळच्या शिफ्टला कायम माणसं कमी असतात.