अनुभव धागा: इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आतली सहल

यंदा आमचं गोव्याचं बारगळलं. हिशेब मांडला तर निम्मे पैसे येण्या-जाण्यातच संपत होते. मग वाटलं, पाहुणे आले की आपण त्यांना महेश्वर-मांडव (म्हणजे मांडू) हौसेनं दाखवतो, पण स्वतः तिथे मुक्कामाला कितीदा राहतो? सकाळी निघतो आणि रात्री घरी परततो. घरच्या सगळ्यांना घेऊन, खिशाला झेपेल अशी सहल ज्यांनी केली असेल त्यांनी लिहा. काय फसलं तेही सांगा.

राजेंद्रनगर
दिवाळीनंतर आम्ही महेश्वरला दोन रात्री राहिलो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. बसनं धामनोद, तिथून दुसरी बस. साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या, पहिल्या दिवसापुरत्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घरून नेलं. पाच जणांचं सगळं मिळून साडेसहा हजारांत भागलं.

मुक्काम केल्यामुळे सकाळ हाती लागली, आणि महेश्वर खरं सकाळचंच आहे. राजवाड्यात अहिल्याबाईंच्या काळापासून लिंगार्चन चालत आलंय. गुरुजी काळ्या मातीची इवलीइवली शिवलिंगं करून लाकडी पाटांवर ओळीनं मांडतात आणि पूजा झाली की नर्मदेत सोडतात. मुलगी मोजायला बसली, शंभराच्या पुढे तिनं नाद सोडला. नंतर हातमाग बघायला गेलो. तिथल्या साडीच्या काठावरची नक्षी तिला संध्याकाळी देवळाच्या दगडात सापडली. ती ओरडलीच, "आजोबा, हा तर तोच काठ!" महेश्वरी साडीचे कितीतरी काठ किल्ल्याच्या आणि देवळांच्या कोरीवकामावरूनच आलेत, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिचं तिला दिसलं याचा मला फार आनंद झाला.

राजराजेश्वराच्या देवळातले अकरा अखंड नंदादीपही बघा. सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

सुदामानगर
आमचं मांडव फसलं, कारण जुलैतला रविवार निवडला. सगळं इंदूर तिथेच लोटलं होतं. दोन तास गाडीतच गेले, मुलं रडकुंडीला आली आणि खोली मिळेना म्हणून तसेच परत फिरलो. पुढच्या महिन्यात बुधवारी रजा टाकून गेलो, खोली आधीच सांगून ठेवली. मग जहाज महाल शांतपणे बघता आला. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव, दोन्ही भरलेले. त्याला जहाज का म्हणतात हे मुलांना समजवावं लागलं नाही. पावसाचं पाणी गाळत कुंडात नेणारे नागमोडी पाट तिथे आहेत, ते मुलांना बोट ठेवून दाखवा.

येताना रस्त्यावर मांडवची इमली घेतली. हे गोरखचिंचेचं फळ, वरून मखमली लव आणि कवच नारळासारखं टणक. दगडानं फोडलं की आत पांढरा, खडूसारखा भुसभुशीत, आंबट गर. मुलं धारपर्यंत चोखत होती.

महू
लहान मुलं असतील तर पाताळपाणी ते कालाकुंड ही हेरिटेज गाडी करा. 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली, जुन्या मीटरगेज रुळांवर चालते. ठरावीक दिवशीच असते, तेव्हा आधी चौकशी करून तिकीट काढा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले तेव्हा खंडवा-इंदूर रेल्वेमार्ग झाला, त्यातलाच हा घाट. बोगदे आले की डब्यात एकच कल्ला होतो. कालाकुंडला उतरल्यावर पळसाच्या पानावरचा कलाकंद खायचाच.

एक कळकळीची विनंती. पाताळपाण्याच्या धबधब्यात पावसाळ्यात उतरू नका. 2011 च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. वरच्या अंगाला पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. मुलांचा हात सोडू नका.

लोकमान्यनगर
आईला घेऊन ओंकारेश्वर. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात उतरलो. स्वच्छ, शांत, आणि दर आमच्यासारख्यांना परवडणारे. ओंकारेश्वरच्या बेटाची परिक्रमा सात किलोमीटरची आहे. ती मी एकट्यानं केली, आई खोलीवर पोथी वाचत बसली. सोमवार टाळा.

धागा काढणारा
मंडळी, मनापासून आभार. आमचं महेश्वर ठरतंय. राजेंद्रनगरच्या ताई, माझ्या आईचे गुडघे दुखतात. घाटाच्या पायऱ्या झेपतील का?

राजेंद्रनगर
दादा, पायऱ्या पुष्कळ आहेत. सासऱ्यांना आम्ही दिवसातून एकदाच खाली नेलं, उजाडायच्या आधी, दोघांनी दोन्ही हात धरून. मग ते दोन तास नर्मदेसमोर बसून राहिले. एक जाड सतरंजी मात्र न्या, सकाळी तिथला दगड फार गार असतो.