फ्लेक्स-अल्गो १२८ चं ट्रॅफिक शिवाजीनगर-स्वारगेटमध्येच फिरतंय, डेटाबेस मात्र सगळीकडे सारखाच

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी. पुण्यात आमची चार राउटरची रिंग आहे: शिवाजीनगर, स्वारगेट, हडपसर, खराडी आणि परत शिवाजीनगर. रस्ते शोधायला आयएस-आयएस प्रोटोकॉल, पॅकेटला लेबल लावून नेणारं सेगमेंट राउटिंग, आणि व्हॉइससाठी कमीत कमी डिलेचा (विलंबाचा) फ्लेक्स-अल्गो १२८, म्हणजे त्याच नेटवर्कवर वेगळ्या निकषाने रस्ता काढणारं गणित. शिवाजीनगरचा राउटर एका कंपनीचा, बाकीचे तीन दुसऱ्या कंपनीचे.

रस्त्याच्या खोदाईत स्वारगेट-हडपसर फायबर तुटलं. जोडणी झाल्यावर लिंक नव्या पोर्टवर घेतली. तेव्हापासून हडपसरला १२८ च्या लेबलने निघालेलं पॅकेट शिवाजीनगर आणि स्वारगेट यांच्यामध्ये टीटीएल (किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा) संपेपर्यंत येरझाऱ्या घालतं. अल्गो ० वर, म्हणजे नेहमीच्या रस्त्यांवर, सगळं सुरळीत.

डिले असे (मायक्रोसेकंदात): शिवाजीनगर-स्वारगेट ३०, स्वारगेट-हडपसर ५०, शिवाजीनगर-खराडी ६०, खराडी-हडपसर ५०. एलएसपींचे (राउटर आपल्या लिंकची माहिती एकमेकांना देतात ते संदेश, त्यांचाच डेटाबेस बनतो) सिक्वेन्स नंबर आणि चेकसम चारही ठिकाणी जुळतात. मग दोन राउटर वेगवेगळं गणित कसं करतात?

औंधवाला
१२८ ची व्याख्या (कोणत्या निकषाने रस्ता काढायचा ते) दोन राउटर पाठवतायत का? प्रायॉरिटी बघा.

कर्वेनगरकर
दोघे पाठवतात, पण मजकूर एकच आहे. चारही राउटरनी जास्त प्रायॉरिटीवाली निवडली आहे.

पर्वतीपायथा
म्हणजे व्याख्येचा दोष नाही. डेटाबेस सारखा असूनही उत्तर वेगळं येतंय, तर एकाच एलएसपीतला आकडा दोघे वेगवेगळ्या जागेवरून वाचत असणार.

आयएस-आयएसमध्ये लिंकचा डिले दोन ठिकाणी असू शकतो. एक जुनी जागा: टीएलव्ही २२ (एलएसपीतला शेजाऱ्यांच्या लिंकचा रकाना) खाली थेट सब-टीएलव्ही ३४ (त्यातला उपरकाना), आरएसव्हीपी-टीई या रस्ते आखून देणाऱ्या प्रोटोकॉलच्या काळापासूनची. दुसरी एएसएलए (प्रत्येक कामासाठी लिंकचे वेगळे आकडे देण्याची जागा), म्हणजे सब-टीएलव्ही १६. तिच्यात बिटमास्क (हो-नाहीच्या खुणांची पट्टी) असतो आणि हा आकडा कोणत्या कामासाठी आहे ते तो सांगतो: आर बिट आरएसव्हीपी-टीईसाठी, एक्स बिट फ्लेक्स-अल्गोसाठी. आरएफसी ९३५० (२०२३) या इंटरनेट मानकानुसार फ्लेक्स-अल्गोने एएसएलएमधलाच आकडा वापरायचा.

माझा कयास असा की नव्या पोर्टवर आर बिट लागला, एक्स लावायचा राहून गेला. स्वारगेट नियम काटेकोर पाळतो. एक्सचा डिले नाही, म्हणून आपलीच हडपसरची लिंक १२८ मधून वगळतो आणि पॅकेट शिवाजीनगर-खराडीमार्गे पाठवतो, एकूण १४०. शिवाजीनगरला एक्स दिसला नाही की तो जुन्या जागेवरचे ५० उचलत असणार. त्याच्या हिशेबात स्वारगेटमार्गे ८० आणि खराडीमार्गे ११०, म्हणून तो पॅकेट स्वारगेटला परत देतो. हा कन्व्हर्जन्सच्या (बदलानंतर सगळे राउटर नव्या रस्त्यांवर येण्याच्या) वेळचा क्षणिक लूप नाही, कॉन्फिग बदलेपर्यंत असाच राहील. अल्गो ० ठीक चालतं, कारण त्याला लागणारा नेहमीचा आयजीपी मेट्रिक (लिंकची साधी किंमत) एएसएलएमध्ये जातच नाही.

स्वारगेटच्या एलएसपीत हडपसरच्या शेजाऱ्याखाली सब-टीएलव्ही १६ उघडून मास्क बघा. अजून एक बघा: कुठे मास्कची लांबी शून्य ठेवून डिले पाठवलाय का? तो कुठल्याही कामाला चालतो. पण त्याच लिंकवर एक्स बिटची दुसरी एएसएलए असली, भले तिच्यात फक्त रंग (लिंकचा गट सांगणारी खूण) असेना, की फ्लेक्स-अल्गोसाठी शून्य लांबीवाली बाद. मग डिले डोळ्यांसमोर असूनही लिंक गळते.

औंधवाला
मग एएसएलएतला एल फ्लॅग (‘जुन्या जागेवरचंच वाचा’ ही खूण) लावून सगळ्यांना जुन्या जागेवरच आणलं तर? एका ओळीचं काम.

पर्वतीपायथा
चालेल, नियमातच आहे. एक्स बिट आणि एल फ्लॅग असलेली एएसएलए पाठवली की काटेकोर राउटरही जुना आकडा वाचतो. पण मी तो तात्पुरताच ठेवेन. मग १२८ आणि आरएसव्हीपी-टीई पुन्हा एकाच आकड्याला बांधले जातात, आणि ते वेगळे करण्यासाठीच तर एएसएलए आली. उद्या कोणी आरएसव्हीपीचं कॉन्फिग काढलं तर व्हॉइसचा रस्ताही जाईल. शिवाय ओएसपीएफ या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये हा फ्लॅगच नाही.

कर्वेनगरकर
मास्क बघितला. स्वारगेट-हडपसरवर फक्त आर, बाकी तिन्ही लिंकवर आर आणि एक्स दोन्ही. शिवाजीनगरच्या राउटरवर एएसएलए काटेकोर वापरायची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. आधी एक्स लावू की ती?

पर्वतीपायथा
आधी शिवाजीनगर काटेकोर करा. लूप थांबेल आणि व्हॉइस तोवर ११० ने खराडीवरून जाईल. मग स्वारगेट आणि हडपसर दोन्ही टोकांना एक्स लावा. एकाच टोकाला लावलात तर परतीचं ट्रॅफिक लांबून येत राहील. एक्स आधी लावलात तरी लूप जाईल, पण मग ती सेटिंग मागे पडते आणि पुढच्या खोदाईत हेच पुन्हा होतं.

नवा पोर्ट चालू करायच्या यादीत मास्क तपासणं घाला. नुसतं पिंग लागलं म्हणून लिंक चालू धरू नका, पिंग अल्गो ० वरून जातं.

कर्वेनगरकर
दोन्ही केलं. शिवाजीनगरहून १२८ चा ट्रेस आता स्वारगेट, हडपसर असा सरळ जातो, आणि उलट दिशेलाही तोच रस्ता दिसतोय. खराडीचे मास्कही तपासून घेतले.