क्वेकर बायबल नाकारायचे का? त्यांनी टीकाकारांना काय उत्तर दिलं?

फोंड्याचा वाचक
आमच्या वाचक मंडळात पुढचा विषय सुरुवातीचे क्वेकर, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ, हा आहे. ‘आतला प्रकाश आधी, बायबल नंतर’ म्हटल्यावर पाद्री त्यांना पाखंडी म्हणणारच. मग क्वेकरांचं नेमकं उत्तर काय? आणि ‘इनर लाइट’ला ‘आत्मज्योत’ म्हटलं तर चालेल?

दिवजां
‘आत्मज्योत’ नकोच. तो शब्द कानी पडला की आपला श्रोता थेट वेदान्तात जातो आणि ज्योत म्हणजे मीच, असं समजतो. क्वेकर नेमकं उलटं सांगत होते: प्रकाश माणसाचा नाही, ख्रिस्ताचा (योहान १:९). क्वेकर विचारवंत रॉबर्ट बार्क्लेने सदसद्विवेकाला कंदील म्हटलंय आणि या प्रकाशाला त्यातली मेणबत्ती. मेणबत्ती पेटलेली नसेल तर नुसता कंदील हातात धरून काय दिसणार? ‘ख्रिस्ताचा अंतःप्रकाश’ म्हणा, लांब वाटला तरी.

बायबलबद्दल बार्क्लेचं ‘अपॉलॉजी’ हे क्वेकर मतांच्या समर्थनाचं पुस्तक काढा (लॅटिन १६७६, इंग्रजी १६७८). १५ सिद्धान्तांपैकी दुसरा (आत्म्याकडून थेट मिळणाऱ्या प्रकटीकरणावरचा) आधी वाचा, मग तिसरा (बायबलवरचा). नुसता तिसरा वाचला की घोटाळा होतो. त्यात शास्त्र (म्हणजे बायबल) हे झऱ्याचं वर्णन, खुद्द झरा नव्हे, म्हणून ते पवित्र आत्म्याखालचा दुय्यम नियम ठरतं. पण पुढचं कलम सोडू नका: आत्म्याच्या नावाखाली कोणी शास्त्राविरुद्ध वागला तर तो सैतानाचा भ्रम समजावा. टीकाकारांना खरं उत्तर इथे आहे.

सासष्टीकर
वर एक भर. क्वेकरांचा टीकाकार, ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा लेखक जॉन बन्यन याचा मुख्य आक्षेप बायबलपेक्षा ख्रिस्ताबद्दल होता. आतल्या ख्रिस्ताचं एवढं माहात्म्य केलं, तर जेरुसलेमबाहेर क्रुसावर मेलेल्या ख्रिस्ताचं काय? त्याने १६५६ मध्ये लिहिलं, त्याच वर्षी क्वेकर एडवर्ड बरोने उलट उत्तर छापलं. त्याच ऑक्टोबरात क्वेकर उपदेशक जेम्स नेलर ब्रिस्टलमध्ये ख्रिस्ताच्या जेरुसलेम-प्रवेशासारखा घोड्यावरून शिरला आणि टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. बार्क्ले इतका जपून का लिहितो, ते यावरून कळतं.

पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्सचं १६५९ चं पुस्तक मात्र जपून वापरा. त्यात शंभरावर विरोधी पुस्तकांना उत्तरं आहेत. विरोधकाचं वाक्य वर, उत्तर खाली. पण वाक्यं छाटलेली असतात, त्यामुळे मूळ पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय उद्धृत करू नये. याच ग्रंथावरून अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीचा संस्थापक रॉजर विल्यम्सने १६७२ मध्ये क्वेकरांना १४ मुद्द्यांचं आव्हान दिलं होतं.

फोंड्याचा वाचक
आणि शपथ न घेण्याचं काय?

दिवजां
मत्तय ५:३४ आणि याकोब ५:१२: शपथ मुळीच वाहू नका. तिथे ते शास्त्राचं अक्षर न् अक्षर पाळत होते. क्वेकर पुढारी मार्गारेट फेलला १६६४ मध्ये शपथ नाकारल्याबद्दल मालमत्ताजप्ती आणि कैद झाली. सुटका १६६८ मध्ये. बायबल नाकारणारी बाई बायबलमधल्या एका ओळीसाठी चार वर्षं तुरुंगात काढेल का, हा प्रश्न मंडळात जरूर मांडा.