दर वीस वर्षांनी राज्यघटनेवर कौल: न्यूयॉर्कच्या तरतुदीचा उपयोग काय?

प्रश्न
अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या घटनेनुसार ‘घटनेचा फेरविचार करण्यासाठी परिषद बोलवावी काय?’ हा प्रश्न दर वीस वर्षांनी मतदारांपुढे आपोआप येतो. १९५७, १९७७ आणि १९९७ साली त्याला नकार मिळाला, तर २०१७ साली सुमारे ८३ टक्के मते विरोधात पडली. मग ही तरतूद केवळ शोभेची आहे काय? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
शोभेची म्हणता येणार नाही. विधिमंडळ स्वतःच्या अधिकारांना स्वतःहून कात्री लावत नाही, म्हणून त्याला वगळून घटनेपर्यंत पोहोचण्याची वाट १८४६ च्या घटनेने जनतेला दिली. पळवाट मात्र राहिलीच. १८८६ साली मतदारांनी प्रचंड बहुमताने होकार दिला, तरी प्रतिनिधी कसे निवडायचे यावरून गव्हर्नर आणि विधिमंडळ यांची रस्सीखेच चालली आणि परिषद भरायला १८९४ साल उजाडले. त्या परिषदेने मग राज्याच्या सिनेटच्या (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या) प्रत्येक मतदारसंघातून तीन व राज्यभरातून पंधरा प्रतिनिधी निवडावेत, आणि त्यांनी निवडणुकीनंतरच्या एप्रिलमधील पहिल्या मंगळवारी जमावे, हे सारे घटनेतच लिहून टाकले. अ‍ॅडिरॉन्डॅक आणि कॅट्सकिल या डोंगराळ भागांतील सरकारी वनजमिनी कायम वन्य ठेवण्याचे कलमही याच परिषदेचे.

प्रतिसाद २
अलीकडच्या नकारांमागे १९६७ च्या परिषदेची आठवणही असावी, असे मला वाटते. १९३८ च्या परिषदेने ५७ दुरुस्त्या नऊ प्रश्नांत विभागून मांडल्या आणि त्यांपैकी सहा प्रश्नांना मंजुरी मिळाली. १९६७ साली मात्र धार्मिक शाळांच्या सरकारी मदतीवरील बंदी उठवण्याच्या वादग्रस्त मुद्द्यासह अख्खी नवी घटना एकाच प्रश्नात मतास टाकली, आणि एका मुद्द्यापायी चिडलेल्या मतदारांपुढे सगळेच फेटाळण्यावाचून पर्याय उरला नाही. २०१७ साली कामगार संघटनांना निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाची, तर पर्यावरणवाद्यांना वर उल्लेखिलेल्या वनकलमाची धास्ती होती. शिवाय विद्यमान आमदारांनाही परिषदेवर निवडून येऊन दोन्हीकडचे वेतन घेता येते. ज्यांना वगळायचे तेच पुन्हा आत!

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग घटनेत बदल होतात तरी कसे?

प्रतिसाद २
नेहमीच्या मार्गाने. एका विधिमंडळाने दुरुस्ती संमत करायची, मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाल्यावर नव्या विधिमंडळाने ती पुन्हा संमत करायची आणि मग ती मतदारांपुढे ठेवायची. म्हणजे किल्ली अखेर विधिमंडळाच्याच हाती. वीस वर्षांचा प्रश्न आता २०३७ साली येईल.

प्रतिसाद ३
ठरावीक मुदतीने फेरविचार करण्याच्या कल्पनेमागे एक पिढी पुढच्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही, हा अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा विचार आहे. न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच विचार उद्धृत केला होता. आपल्या घटनेने तशी मुदत ठेवली नाही. दुरुस्तीची पद्धतच अमेरिका व ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत सोपी ठेवली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पद्धतीत मतदारांचा थेट कौल मात्र कुठेच नाही.