मदत हवी आहे: शिकागोत इम्प्रॉव्ह शिकायचंय, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे शिकागोत राहतो आणि इम्प्रॉव्ह, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल तसा प्रसंग रंगवणं, शिकायचं मनापासून ठरवलंय. शाळेनंतर रंगमंचावर कधी गेलो नाही. पण या कलेच्या माहेरघरात राहून ती शिकायची नाही, हे पटत नाही. इम्प्रॉव्हचा पाया मानले जाणारे व्हायोला स्पोलिन यांचे नाट्यखेळ इथलेच, आणि त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसोबत १९५९ साली सेकंड सिटी हे विनोदी इम्प्रॉव्हचं थिएटर सुरू केलं तेही इथेच.

'हो, आणि...' हे सूत्र समजलंय. समोरचा म्हणाला, "डॉक्टर, माझा हात हिरवा झालाय," की आपण डॉक्टर व्हायचं, हात हिरवा आहे हे मान्य करायचं आणि पुढे आपली भर घालायची. माझी अडचण वेगळी आहे. मला पहिलं वाक्य मराठीत सुचतं. ते इंग्रजीत आणेपर्यंत प्रसंग पुढे सरकतो. ज्यांनी इथे वर्ग केलेत, त्यांचं हे हळूहळू सुटलं का? की काही वेगळा सराव केलात?

दुसरं, नवख्याने छोट्या खेळांचा वर्ग आधी घ्यावा, की 'हॅरॉल्ड'सारख्या, एकाच सूचनेवरून अनेक प्रसंग गुंफणाऱ्या लांब प्रकाराकडे थेट वळावं? मला छोटे खेळ आधी बरे वाटतात, नियम ठरलेले असतात म्हणून.

आणि आणखी एक. मी सिंधुदुर्गातला. दशावतारात कलाकार लिखित संहितेशिवाय संवाद रंगवतात, ते लहानपणापासून ऐकत आलोय. परिसरात कुणाला महिन्यातून एकदा मराठीतून असे खेळ करायचे असतील तर जरूर कळवा. जागेचं मी बघतो.